वैद्यांची परीक्षा घेणारा वैद्य

इराणची राजधानी तेहरान दक्षिणेकडे पसरत गेली आणि एका फार जुन्या नगराला तिने आपल्या पोटात घेतले. त्या नगराचे नाव रे. तेहरान हे जेमतेम एक खेडे होते त्या काळी, म्हणजे नवव्या-दहाव्या शतकात, रे हे पूर्वेकडे खुरासानला जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील एक संपन्न आणि गजबजलेले शहर होते. या शहरात मोठ्या डोक्याचा एक वृद्ध वैद्य आपली बैठक भरवीत असे. त्याच्या पुढ्यात त्याचे शिष्य, शिष्यांच्या पुढ्यात त्यांचे शिष्य आणि त्यांच्याही पलीकडे आणखी नवखी मंडळी बसलेली असत. आलेला रुग्ण थेट त्या वृद्धापर्यंत पोहोचत नसे. आपली व्यथा तो प्रथम बाहेरच्या रांगेतील विद्यार्थ्यांना सांगे. त्यांना तिचा उलगडा झाला तर ठीक. नाही तर रुग्ण पुढच्या रांगेकडे जाई. तेथेही उत्तर सापडले नाही, तर अखेरीस तो वृद्ध वैद्य स्वतः बोलू लागे.

बगदादचा ग्रंथविक्रेता इब्न अल्-नदीम याने दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या प्रसिद्ध ग्रंथसूचीत ही हकीकत नोंदवून ठेवली. रे येथील एका वयस्क गृहस्थाकडून ती त्याला समजली होती. तो वृद्ध वैद्य म्हणजे अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल्-राझी. युरोपने पुढे त्यांना ‘ऱ्हाझेस’ या नावाने ओळखले. राझी म्हणजे रे या गावचा. त्यांच्या बैठकीत रुग्णावर उपचार होत, विद्यार्थ्याचे शिक्षण होई आणि त्याच वेळी त्याची परीक्षाही होऊन जाई. कोणता विद्यार्थी कोणत्या रांगेपर्यंत पोहोचला, कोणाचे निदान टिकले आणि कोणाचे फसले, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरत असे. वैद्यकाचा विद्यार्थी रुग्णशय्येपाशी काय शिकला हे मोजायचे कसे, हा प्रश्न आजही वैद्यकीय महाविद्यालयांना सतावतो. राझी यांचे सारे आयुष्य या प्रश्नाभोवती फिरत राहिले.

राझी यांचा जन्म इ. स. ८६५ मधला. ही तारीख आपल्यापर्यंत आणली ती भारताविषयीच्या ग्रंथामुळे आपल्याला परिचित असलेल्या अल्-बिरुनीने. बिरुनी हा राझींचा इतका चिकित्सक वाचक होता, की त्याने त्यांच्या ग्रंथांची स्वतंत्र सूचीच तयार केली. तीत १८४ ग्रंथ आहेत. राझींच्या तारुण्याविषयी मात्र खात्रीची माहिती थोडी आणि आख्यायिका फार. ते ऊद हे तंतुवाद्य वाजवीत, गात, असे एक जण सांगतो; दुसरा त्यांना सराफ ठरवतो. किमयेचा नाद त्यांना होता, हे निश्चित. धातू, क्षार, भट्ट्या आणि ऊर्ध्वपातनाची भांडी यांची जी काटेकोर वर्णने त्यांनी लिहिली, ती रसायनशास्त्राच्या इतिहासात आजही मानाने उल्लेखिली जातात. वैद्यकाकडे ते वळले ते बऱ्याच उशिरा, वयाची तिशी ओलांडल्यावर, असे परंपरा सांगते. ‘फिरदौस अल्-हिकमा’ या ग्रंथाचा कर्ता अली इब्न रब्बान अल्-तबरी हा त्यांचा गुरू होता, असे अनेक जुन्या पुस्तकांत आढळते. परंतु दोघांच्या काळांचा मेळ बसत नाही.

त्यांना लाभलेली विद्या मात्र एका दीर्घ परंपरेतून आली होती. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस आणि गेलेन यांचे ग्रंथ त्याआधीच्या शतकात सिरियाक भाषेच्या वाटेने अरबीत उतरले होते. खुझिस्तानातील जुंदिशापूर येथील वैद्यघराणी बगदादच्या खलिफांच्या पदरी होती. चरक आणि सुश्रुत यांच्या संहिताही अरबीत पोहोचल्या होत्या आणि राझींच्या टिपणांत या दोन्ही भारतीय आचार्यांचे आधार वारंवार येतात. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांच्या समतोलावर शरीराचे स्वास्थ्य अवलंबून असते, हा या वैद्यकाचा पाया होता. आज इराणमध्ये ज्याला पारंपरिक पर्शियन वैद्यक म्हणतात आणि भारतात ज्याची शाखा युनानी या नावाने नांदते, ते हेच शास्त्र.

या शास्त्राने जगाला दिलेली एक मोठी देणगी म्हणजे ‘बीमारिस्तान’. बीमार म्हणजे आजारी आणि स्तान म्हणजे स्थान. शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला फोड करून सांगण्याची गरज नाही. राझी प्रथम रे येथील बीमारिस्तानाचे प्रमुख झाले, त्यानंतर बगदादमधील रुग्णालयाचे. बगदादच्या रुग्णालयासाठी जागा निवडताना त्यांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगले आणि जेथे मांस सर्वांत उशिरा कुजले ती जागा पसंत केली, अशी एक गोष्ट फार लोकप्रिय आहे. ज्या अदुदी रुग्णालयाशी ती जोडली जाते, ते राझींच्या निधनानंतर सुमारे अर्ध्या शतकाने उभे राहिले. त्यामुळे इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही. परंतु प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज निर्णय घेणारा हा गृहस्थ नव्हे, ही त्यांच्याविषयीची समकालीनांची भावना तीत उमटली आहे.

ही भावना खरी होती, याचा पुरावा राझींच्या टिपणवह्यांत सापडतो. वाचताना आणि रुग्ण तपासताना सतत लिहीत राहण्याची त्यांना सवय होती. कधीही जावे तर ते काही तरी उतरवून घेत किंवा लिहीत बसलेले दिसत, असे त्यांना पाहिलेल्यांनी सांगितले आहे. एखाद्या व्याधीचे नाव घेऊन तिच्याविषयी ग्रीक, सिरियाक, भारतीय आणि अरब आचार्यांनी काय म्हटले आहे, ते ज्याच्या त्याच्या नावानिशी ते प्रथम नोंदवीत. त्यानंतर स्वतःचे निरीक्षण लिहीत आणि त्याच्या आधी ‘ली’ हा एक छोटासा अरबी शब्द घालीत. त्याचा अर्थ ‘माझे’. आचार्यांचे कोणते आणि आपले कोणते, याची ही सरमिसळ टाळण्याची शिस्त त्या काळात दुर्मीळ होती. या नोंदी प्रकाशनासाठी नव्हत्या. एका वैद्याने स्वतःच्या शिक्षणाचा ठेवलेला तो हिशेब होता.

या टिपणांतील ३३ रुग्णकथा माक्स मायरहोफ या जर्मन विद्वानाने १९३५ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिली अब्दुल्ला इब्न सवादा नावाच्या रुग्णाची. या माणसाला अनियमित ताप येई. कधी रोज, कधी एक दिवसाआड, कधी चौथ्या दिवशी, तर कधी सहा दिवसांनी. ताप येण्यापूर्वी थोडी हुडहुडी भरे आणि लघवीला वारंवार जावे लागे. राझींनी दोन शक्यता सांगितल्या. एक तर हा ताप पुढे चातुर्थिक होईल किंवा मूत्रपिंडात व्रण असेल. थोड्याच दिवसांत रुग्णाच्या लघवीतून पू गेला आणि दुसरी शक्यता खरी ठरली. लघवी साफ होईपर्यंत त्यांनी मूत्रल औषधे दिली, त्यानंतर औषधी माती, कुंदरूचा डिंक आणि हिरादखण यांचा उपचार केला. सुमारे दोन महिन्यांत रुग्ण बरा झाला.

दुसरा कोणी असता, तर येथे थांबून आपल्या यशाची नोंद करून मोकळा झाला असता. राझींनी यापुढे जे लिहिले, त्यामुळे ही रुग्णकथा अजरामर झाली आहे. आपण सुरुवातीलाच ठाम निदान का करू शकलो नाही, याची त्यांनी कारणे शोधली. रुग्णाला पूर्वी निरनिराळ्या प्रकारचे ताप येऊन गेले होते, त्यामुळे दिशाभूल झाली. उभे राहिल्यावर कमरेत काही तरी जड लोंबल्यासारखे वाटते का, हे रुग्णाने सांगितले नाही आणि आपण विचारायचे राहून गेले. वारंवार होणाऱ्या लघवीवरूनही संशय बळावायला हवा होता; परंतु रुग्णाच्या वडिलांनाही मूत्राशयाच्या दुर्बलतेचा त्रास होता, ही गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती. पू गेल्यानंतर त्यांनी कमरेच्या जडपणाविषयी विचारले, तेव्हा रुग्णाने होकार दिला. कोणता प्रश्न विचारायचा राहिला हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारा हा वैद्य त्या काळी आपल्या क्षेत्रातील सर्वांत नामवंत माणूस होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चार ओळींचे मोल कळते.

अशा नोंदी ठेवण्याचे वळण त्यांच्या शिष्यांनाही लागले. गुरूने तपासलेल्या सुमारे ९०० रुग्णांच्या हकिकती शिष्यांनी एकत्र केल्या. ‘किताब अल्-तजारिब’ म्हणजे अनुभवांचे पुस्तक, या नावाने तो संग्रह उपलब्ध आहे. व्याधींचा क्रम डोक्यापासून पायापर्यंत. आलेला रुग्ण कोण, तक्रार काय, वैद्याने काय विचारले आणि काय दिले, एवढेच त्यात थोडक्यात असते. अलीकडच्या संशोधकांनी हा संग्रह राझींच्या पाठ्यग्रंथांशी ताडून पाहिला, तेव्हा एक मनोज्ञ गोष्ट आढळली. ग्रंथात सविस्तर सांगितलेले कित्येक उपचार, विशेषतः शस्त्रक्रियेचे, प्रत्यक्ष रुग्णावर क्वचितच केलेले दिसतात. ग्रंथातील वैद्यक आणि खाटेपाशी बसून केलेले वैद्यक यांत अंतर असते, आणि शिष्याला दोन्ही शिकावी लागतात, हे त्या नोंदींवरून ध्यानात येते.

हे अंतर राझींना स्वतःला चांगलेच जाणवले होते. गेलेन या ग्रीक आचार्याचा शब्द त्या वेळी प्रमाण मानला जाई. राझींनी त्याच्यावरील शंकांचे एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. गुरुस्थानी असलेल्या माणसाला विरोध करताना आपल्याला क्लेश होतात, हे सांगून त्यांनी शंकांची यादी मांडली. तापाचा क्रम गेलेनने सांगितल्याप्रमाणे चालतो का? रे आणि बगदाद येथील रुग्णालयांत पाहिलेल्या रुग्णांपैकी जितक्यांचा ताप त्या वर्णनाप्रमाणे चालला, जवळपास तितक्यांचाच चालला नाही, असे त्यांनी नमूद केले. रुग्णालयातील नोंदींचा असा उपयोग करून आचार्याचे वचन तपासणे, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती.

मेंदूच्या आवरणाच्या दाहाविषयीची त्यांची एक नोंदही इतिहासकारांना फार महत्त्वाची वाटते. या व्याधीची पूर्वचिन्हे दिसू लागलेल्या काही रुग्णांचे त्यांनी रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, म्हणजे तुलना करून रक्तमोक्षणाचा उपयोग कळावा. पहिल्या गटातील रुग्ण वाचले, दुसऱ्या गटाला व्याधीने गाठले, असा त्यांचा निष्कर्ष. आजच्या वैद्यकाला तो मान्य होणार नाही. गट कसे पाडले याची माहिती नाही, रुग्णांची संख्या नाही आणि रक्त काढल्याने हा रोग बरा होत नाही. उपचाराविना सोडलेल्या रुग्णांचे काय, हा नैतिक प्रश्नही आज विचारला जाईल. तरीसुद्धा उपचार केलेल्यांची तुलना न केलेल्यांशी करावी ही कल्पना हजार वर्षांपूर्वी रुग्णशय्येपाशी सुचावी, याचे महत्त्व उरतेच. देवी आणि गोवर या रोगांवरील त्यांच्या छोट्या ग्रंथाचीही तीच गत. रक्त द्राक्षांच्या रसासारखे आंबते आणि त्यातून देवी उद्भवते, ही त्यांची उपपत्ती चुकीची होती. परंतु देवीत पाठदुखी अधिक, तर गोवरात अस्वस्थता आणि मळमळ अधिक, हे त्यांनी नोंदवलेले भेद पुढच्या पिढ्यांच्या वैद्यांना शतकानुशतके उपयोगी पडले. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८४८ मध्ये झाला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले.

इतक्या खटाटोपाने शिकावे लागणारे शास्त्र ज्याने शिकलेच नाही, असा माणूस रुग्णाच्या नाडीला हात लावतो तेव्हा काय होते? राझींच्या काळात हा प्रश्न तात्त्विक नव्हता. नाकातून साप काढणारे, दातातून किडा काढणारे, जिभेखालून बेडूक काढणारे भोंदू वैद्य बाजारोबाजारी फिरत होते. त्यांच्या हातचलाखीचे प्रकार राझींनी एकेक करून लिहून ठेवले. हे सर्व त्यांनी ज्या ‘किताब अल्-मन्सुरी’ या ग्रंथात लिहिले, तो रेचा सामानी सुभेदार मन्सूर इब्न इसहाक याला इ. स. ९०३ मध्ये अर्पण केलेला होता. सत्ताधीशाने कोणावर विश्वास ठेवावा, हे सांगणे लेखकाला आवश्यक वाटले असावे.

वैद्याची पारख कशी करावी, याचे विवेचन राझींनी अनेक ठिकाणी केले. या विषयावर ‘मिहनत अल्-तबीब’, म्हणजे वैद्याची परीक्षा, या नावाची त्यांची रचनाही आहे. त्यांची पद्धत पायऱ्यापायऱ्यांची होती. उमेदवाराला आधी शरीररचना विचारावी. अवयव कोठे आहेत, त्यांचे कार्य काय, हे त्याला सांगता आले पाहिजे. पूर्वाचार्यांचे ग्रंथ त्याला समजले आहेत का आणि एका गोष्टीवरून दुसरीचे अनुमान त्याला करता येते का, हे पाहावे. यात तो उणा पडला, तर रुग्णांसमोर नेऊन त्याची परीक्षा घेण्याचे कारणच उरत नाही. यात तो टिकला, तरच त्याला रुग्णापाशी न्यावे. नुसत्या अनुभवाच्या बळावर मिरवणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि नुसत्या पाठांतरावरही नव्हता. म्हणूनच वैद्य होऊ पाहणाऱ्याने मोठ्या, दाट वस्तीच्या शहरात राहावे, जेथे रुग्णही पुष्कळ आणि कुशल वैद्यही पुष्कळ, असा त्यांचा सल्ला असे. रुग्ण फार पाहिले की नजर तयार होते आणि जाणते सहकारी भोवती असले की चूक लपत नाही.

लोक मात्र वैद्याची परीक्षा निराळ्याच रीतीने घेत. लघवीची बाटली पुढे ठेवायची आणि रुग्णाला न पाहता, काही न विचारता वैद्याने सारे ओळखून दाखवावे, अशी त्यांची अपेक्षा. राझींनी स्वतःची हकीकत सांगितली आहे. व्यवसायाच्या आरंभी लघवी पाहिल्यावर पुढे काहीच विचारायचे नाही, असा त्यांचा परिपाठ होता आणि तेव्हा त्यांचा मोठा बोलबाला झाला. पुढे ते बारकाईने चौकशी करू लागले, तसतसा लोकांच्या मनातील त्यांचा भाव उतरला. इतके प्रश्न विचारतो, म्हणजे याला काही येत नसावे! लोक कुशल वैद्याला सोडून भोंदूकडे का जातात, निष्णात वैद्यालाही सगळे रोग का बरे करता येत नाहीत, अशा विषयांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिले, त्यामागे ही ठेच असली पाहिजे. एवढे असूनही त्यांनी प्रश्न विचारणे सोडले नाही.

राझींच्या पश्चात काही वर्षांतच बगदादमध्ये या विषयाला सरकारी रूप आले. इ. स. ९३१ मध्ये एका वैद्याच्या चुकीने एक रुग्ण दगावला आणि ते खलिफा अल्-मुक्तदिर याच्या कानी गेले. राजवैद्य सिनान इब्न साबित याने परीक्षा घेऊन परवाना दिल्याखेरीज कोणीही वैद्यकी करू नये, असा हुकूम निघाला. ख्यातनाम वैद्य आणि दरबारच्या सेवेतील मंडळी तेवढी वगळली गेली. परीक्षेला बसलेल्यांची संख्या ८६० च्या पुढे होती, असे इतिवृत्तकार सांगतात. त्यांच्यापैकी एका रुबाबदार वृद्धाने सिनानच्या पुढ्यात मोहरा ठेवल्या आणि आपल्याला धड लिहिता-वाचताही येत नाही, परंतु मोठ्या कुटुंबाचे पोट या धंद्यावर चालते, अशी कबुली दिली. जे आपल्याला कळत नाही ते करू नये, रक्त काढू नये, जहाल रेचके देऊ नयेत, या अटीवर सिनानने त्याला सोडले. दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. तुझा गुरू कोण, असे विचारल्यावर त्याने त्याच वृद्धाचे नाव सांगितले! एक अडाणी वैद्य आपल्यासारखेच आणखी वैद्य कसे घडवतो, हे या गोष्टीतून दिसते, आणि राझींच्या रांगा नेमक्या याच धोक्यावर तोडगा होत्या.

राझी हे स्वभावाने उदार होते. गरीब रुग्णांची ते स्वतः विचारपूस करीत, त्यांना पैसेही देत. जेथे वैद्य मिळत नाही अशांसाठी, साध्या, हाताशी असलेल्या पदार्थांवर भर देणारे एक पुस्तक त्यांनी लिहिले. त्यांचा एक शिष्य एका अधिपतीचा वैद्य म्हणून रुजू झाला, तेव्हा त्याला लिहिलेल्या पत्रवजा ग्रंथात त्यांनी रुग्णाची गुपिते राखण्याचा, गरीब-श्रीमंत असा भेद न करण्याचा आणि यशाने फुगून न जाण्याचा उपदेश केला आहे. शिष्य नजरेआड झाला तरी त्याचे शिक्षण संपत नाही, अशी त्यांची धारणा असावी. तत्त्वज्ञानातील त्यांची मते मात्र अनेकांना रुचली नाहीत. धर्मविषयक विचारांमुळे त्यांच्यावर हयातीत आणि नंतरही कठोर टीका झाली.

त्या टीकेला उत्तर म्हणून लिहिलेल्या एका आत्मकथनपर निबंधात त्यांनी आपल्या परिश्रमांचा हिशेब दिला आहे. एका वर्षात बारीक अक्षरांत २०,००० हून अधिक पृष्ठे लिहिली. एका मोठ्या ग्रंथासाठी १५ वर्षे रात्रंदिवस खपलो. त्यात दृष्टी अधू झाली आणि हाताचे स्नायू निकामी झाले. आता दुसऱ्यांकडून वाचून आणि लिहून घ्यावे लागते. लोकांनी त्यांच्या दृष्टिनाशाची आणखीही कारणे कल्पिली. कोणी किमयेच्या भट्टीतील धुराला दोष दिला, कोणी घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे अति खाण्याला. आयुष्याच्या अखेरीस ते पूर्ण अंध झाले.

त्यांच्या चरित्रकारांनी या काळातील एक प्रसंग सांगितला आहे. तो शब्दशः खरा असो वा नसो, राझींना ओळखणाऱ्यांना तो खरा वाटला असता. डोळ्यातील मोतीबिंदू काढण्यासाठी एक शस्त्रवैद्य आला. राझींनी त्याला विचारले, डोळ्याचे पडदे किती? त्याला उत्तर देता येईना. ज्याला हे ठाऊक नाही त्याचे शस्त्र आपल्या डोळ्याला लागणार नाही, असे म्हणून त्यांनी त्याला परत पाठवले. शस्त्रक्रियेने दृष्टी परत येईल असा आग्रह धरणाऱ्यांना, जग पुरेसे पाहून झाले आहे, असे उत्तर मिळाले. शरीररचना आधी, रुग्ण नंतर हा क्रम त्यांनी आयुष्यभर शिकवला होता. स्वतः रुग्ण झाल्यावर, दृष्टी पणाला लागलेली असतानाही, तो त्यांनी सोडला नाही. इ. स. ९२५ मध्ये रे येथेच त्यांचे निधन झाले, असे बिरुनीने नोंदवले आहे.

टिपणवह्या मागे राहिल्या त्यांच्या बहिणीपाशी. बुवैही अमीर रुक्न अल्-दौला याचा विद्वान वजीर इब्न अल्-अमीद याने मोठी रक्कम देऊन त्या मिळवल्या आणि रे येथील राझींच्या शिष्यांना एकत्र करून त्यांची जुळणी करवून घेतली. त्यातून ‘किताब अल्-हावी’ हा अवाढव्य ग्रंथ सिद्ध झाला. लेखकाने स्वतः शेवटचा हात न फिरवल्यामुळे तो विस्कळीत राहिला. पुढच्या पिढीतील वैद्य अली इब्न अब्बास अल्-मजुसी याने तर तक्रारच केली, की ग्रंथ इतका प्रचंड आहे की त्याच्या प्रती करणे कोणाला परवडत नाही. तरीही तो टिकला. १२७९ मध्ये सिसिलीत अंजूचा राजा चार्ल्स याच्यासाठी फरज बेन सालिम या यहुदी वैद्याने त्याचा लॅटिन अनुवाद पूर्ण केला आणि १४८६ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथे तो छापला गेला. ‘मन्सुरी’च्या नवव्या भागाने तर युरोपातील विद्यापीठांत पाठ्यपुस्तकाचे स्थान मिळवले. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा जनक मानला जाणारा व्हेसॅलियस याने आपल्या कारकिर्दीच्या प्रारंभी, १५३७ मध्ये, याच भागाचे लॅटिन रूपांतर प्रसिद्ध केले होते.

मूळ अरबी ‘हावी’ संपूर्ण छापण्याचा मान मात्र दख्खनकडे जातो. हैदराबादच्या दायरत-उल-मआरिफ या संस्थेने १९५५ पासून त्याचे एकेक खंड काढण्यास सुरुवात केली आणि एकूण २३ खंडांत हे काम पार पाडले. पहिला खंड निघाला तेव्हा मराठवाडा त्याच हैदराबाद राज्याचा भाग होता. युनानी वैद्यक संशोधनाच्या केंद्रीय परिषदेने पुढे या ग्रंथाचे उर्दू भाषांतरही प्रसिद्ध केले.

इराणमध्ये २७ ऑगस्टच्या सुमारास राझींच्या स्मरणार्थ औषधनिर्मात्यांचा दिन पाळतात. तेथील विद्यापीठांत २००७ पासून पारंपरिक पर्शियन वैद्यकाचे डॉक्टरेट पातळीवरील शिक्षण सुरू झाले. आधुनिक वैद्यकाची पदवी घेतलेल्यांनाच त्यासाठी प्रवेश मिळतो. शरीररचना ज्याला येत नाही त्याला रुग्णापाशी नेऊ नये, या राझींच्या पहिल्या पायरीशी ही अट जुळते. चार द्रवांचा सिद्धान्त आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर उतरत नाही आणि राझींनी दिलेल्या अनेक औषधांचे गुण अद्याप सिद्ध व्हायचे आहेत. ते सिद्ध करायचे किंवा खोडून काढायचे, तर त्यांच्याच पद्धतीने रुग्ण पाहावे लागतील, नोंदी ठेवाव्या लागतील आणि विद्यार्थ्याने काय विचारले याबरोबरच काय विचारायचे राहिले, हेही त्याच्याच हाताने वहीत लिहवून घ्यावे लागेल.